विश्रांतीच्या तक्त्यांतले खोटे तास

गेल्या पावसाळ्यांत, मासेमारी बंद असतांनाच्या दिवसांत, वसईच्या किनाऱ्यावरील एका कोळीवाड्यांतला तरुण मजकडे आला. त्याचा बाप तांडेल; आजाहि तांडेलच होता. मुलगा मात्र बारावी होऊन, मुंबईस एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून, मोठ्या व्यापारी जहाजावर डेक कॅडेट म्हणून लागलेला. पहिली फेरी आटोपून तो घरीं आला होता, व थोड्याच आठवड्यांत त्याला पुनः जावयाचें होतें. त्याच्या आईनें मजसाठीं सुके बोंबील पाठविले होते. ती पुडी मांडीवर तशीच धरून तो बराच वेळ बसला, आणि मग म्हणाला, “पाळकसाहेब, एक विचारूं? सगळेच जण खोटें लिहितात, आणि वाचणाराहि तें खोटें आहे हें जाणतो, तर त्या खोट्यानें फसतें कोण?”

ही गोष्ट काय आहे हें मला प्रथम समजलें नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं मोठें जहाज लांबूनच पाहिलें आहे त्यांनाहि समजणार नाहीं, म्हणून थोडें सांगतों. जहाजावरच्या प्रत्येक माणसानें दररोज किती तास काम केलें व किती तास विसांवा घेतला, ह्याचा तक्ता ठेवावा लागतो. कोणत्याहि चोवीस तासांत निदान दहा तास, व सात दिवसांत निदान सत्याहत्तर तास विश्रांति मिळालीच पाहिजे. आणि ते दहा तास फार तर दोन भागांत तोडावे, त्यांतला एक भाग सहा तासांहून कमी नसावा. खलाशांच्या हक्कांविषयीं २००६ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यांत हें आहे, व २०१५ सालीं आपल्या देशानेंहि तो मान्य केला. नियम चांगला आहे. परंतु जहाज बंदरांत शिरतें, माल उतरतो, दुसरा चढतो, तपासणीस लोक येतात, आणि त्याच रात्रीं नांगर उचलून पुढें निघावें लागतें. माणसें थोडीं, काम फार. मग झोप होते चार तासांची, आणि तक्त्यांत लिहिले जातात दहा. आमच्या ह्या तरुणाकडे काम होतें तें हेंच: कॅडेट म्हणून सगळ्यांचे तक्ते स्वच्छ अक्षरांत भरून सह्यांसाठीं पुढें ठेवणें.

मीं त्याला उतावळेपणानें उत्तर दिलें. मीं म्हटलें, “बाळा, तूं तेथें शिकाऊ आहेस. वरिष्ठ सांगतात तें करावें. ज्याचा हुकूम त्याची जबाबदारी.” आणि पाठोपाठ पौलानें दासांस धन्याच्या आज्ञेत राहण्याविषयीं जें लिहिलें आहे त्याचीहि आठवण करून दिली. तो उठला, नमस्कार करून गेला. त्याचें समाधान झालें नाहीं हें मला त्याच्या पाठीवरून दिसलें. त्या रात्रीं मीं तोच अध्याय, इफिसकरांस पत्राचा सहावा, काढून वाचला, तेव्हां माझें मलाच वाईट वाटलें. कारण मीं सांगितलेल्या वचनाच्या लगेच पुढें, केवळ डोळ्यांदेखतची चाकरी करूं नये, असें तेथें बजावलें आहे. अर्धें वचन सांगून मीं मुलाला घालवून दिलें होतें.

आतां डोळ्यांदेखतच्या चाकरीचा प्रश्न समुद्रावर जितका खरा आहे तितका दुसरीकडे क्वचितच असेल. शेतांतल्या मजुरावर बांधावरून नजर पडते. कचेरींतल्या कारकुनामागें साहेब असतो. मध्यरात्रीं बारा ते चार पहाऱ्यावर उभा असलेला खलाशी अंधारांत पाहतो आहे कीं उभ्याउभ्या झोपला आहे, हें कोण पाहणार? म्हणूनच जहाजावर वह्या फार. ज्याला धन्याचे डोळे पोहोंचत नाहींत, त्याला धनी कागद पोहोंचवितो.

ह्याच्या उलट आपल्या किनाऱ्यावरचा मचवा घ्या. पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा येथले लोक डोल जाळ्यांनीं बोंबील धरतात. भरतीओहोटीच्या ओढीवर जाळें तोंड उघडून उभें राहतें. वेळ चुकली कीं मासळी गेली. एका म्हाताऱ्या तांडेलाला मीं विचारलें, “तुमच्याकडे कामाची नोंद कोण ठेवतो?” तो हंसला. म्हणाला, जो दोर सोडतो त्याचा हात दोराला ठाऊक, आणि जो झोंपला त्याचा वाटा दुसऱ्या दिवशीं बायकांना ठाऊक. मचव्यावर वाटा असतो: होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. एकाची कुचराई सर्वांच्या टोपलींत दिसते, आणि संध्याकाळपर्यंत वाड्यावरहि कळते. तेथें प्रामाणिकपणा हा गुण म्हणून कोणी शिकवीत नाहीं. भांड्याला तळ असतो तसा तो असतो. मचव्यावरचीं सगळींच माणसें देवमाणसें असतात असें कोणी समजूं नये. भांडणें होतात, दारूहि पिऊन येतात. पण खोटी नोंद तेथें होऊंच शकत नाहीं, कारण नोंद कागदावर नसून माणसांच्या तोंडांवर असते.

तोच मुलगा मोठ्या जहाजावर गेला कीं काय होतें तें पाहा. जहाजाचा मालक एका देशांत, कारभार पाहणारी कंपनी दुसऱ्या देशांत, निशाण पनामाचें किंवा लायबेरियाचें, माल भलत्याचाच. अधिकारी एका भाषेचे, खलाशी तीन भाषांचे. आज जगाला दर्यावर्दी पुरविणाऱ्या पहिल्या पांच देशांत हिंदुस्थान मोडतो. म्हणजे अशा जहाजांवर आपलीं मुलें थोडींथोडकीं नाहींत. तेथें वाटा नाहीं, पगार आहे. कुचराई कोणाच्या टोपलींत दिसत नाहीं. बापाच्या होडींत जें इमान लोकांच्या तोंडाकडे पाहून आपोआप राखलें जाई, तें आतां तोंड न पाहतां राखावें लागतें.

आतां त्याच्या प्रश्नाकडे येतों. खोट्यानें फसतें कोण? जहाजावरचा कोणीच फसत नाहीं हें त्याचें म्हणणें अगदीं खरें आहे. स्वीडनमधील मालमो येथल्या जागतिक सागरी विद्यापीठानें २०२० सालीं ह्याच विषयावर अहवाल काढला. त्याच्या नांवांतच जुळवून घेण्याच्या संस्कृतीचा उल्लेख आहे. तक्ते नियमाला जुळतील असे भरले जातात, आणि ही गोष्ट सर्वत्र चालते, असें त्यांत आढळलें. म्हणजे आमच्या वसईच्या मुलानें पाहिलें तें एका जहाजाचें पाप नव्हे.

परंतु फसणारा जहाजाच्या बाहेर असतो. ३ एप्रिल २०१० रोजीं ‘शेन नेंग १’ नांवाचें कोळशाचें जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या मोठ्या प्रवाळरांगेवर चढलें. वळण घ्यावयाच्या ठिकाणीं वळण घेतलें गेलें नाहीं. चौकशींत निघालें कीं पहाऱ्यावरच्या मुख्य अधिकाऱ्याला मागील साडेअडतीस तासांत केवळ अडीच तास झोप मिळाली होती. बिचारा माणूस आळशी नव्हता. उलट, बंदरांत माल भरून घेतांना तो उभा होता म्हणूनच त्याला झोप नव्हती. ज्या प्रवाळावर हजारों वर्षें लागून एक एक बोट वाढ झाली, त्याला ह्या हिशेबाची काय कल्पना?

दुसरा फसणारा मला याहूनहि महत्त्वाचा वाटतो. जहाजावर माणसें किती असावींत हें ठरविणाऱ्यापुढें जेव्हां वर्षानुवर्षें असेच तक्ते येतात, कीं वीस माणसांनीं सर्व काम केलें व प्रत्येकाला दहा तास विसांवाहि मिळाला, तेव्हां तो म्हणणार, वीस पुरेत. एकविसावा माणूस कधींच येणार नाहीं. म्हणजे हा तरुण आपल्याच हातानें, सुंदर अक्षरांत, आपली झोप घेणाऱ्याच्या बाजूनें साक्ष देतो. आणि त्याच्या मागून जो पोर त्या जहाजावर चढेल त्याच्याहि झोपेचा निकाल लावून ठेवतो. “कोणीच फसत नाहीं” असें वाटतें तेथें फसणारा अजून जहाजावर यावयाचा असतो.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. ह्या खोट्याचें अधिक ओझें भरणाऱ्यावर नाहीं, भरविणाऱ्यावर आहे. कमी माणसांत जहाज हांकणारा मालक आपल्या घरीं स्वस्थ झोपतो, आणि आम्ही पाळक मंडळी कॅडेटला सत्याचा उपदेश करतों, हें कांहीं बरें दिसत नाहीं. मला दर महिन्याला मंडळीकडून पगार मिळतो. त्या मुलाच्या अभ्यासक्रमासाठीं आईचे दागिने बँकेंत पडले आहेत. त्याची समुद्रावरची सेवा पुरी झाल्याचा दाखला कप्तानाच्या सहीशिवाय मिळत नाहीं, आणि त्या दाखल्याशिवाय परीक्षेला बसतां येत नाहीं. बहुतेक खलाशांचा करार कांहीं महिन्यांचा. तो संपला कीं पुढचें बोलावणें येईलच असें नाहीं. खरें बोलण्याची किंमत मला द्यावयाची नसून त्याला द्यावयाची आहे. हें ध्यानांत ठेवूनच पुढचें लिहितों.

कळंब व राजोडीच्या वाळूंत पावसाळ्यांत अनवाणी चाललेल्यांना काळे चिकट गोळे ठाऊक आहेत. तळव्याला लागले तर रॉकेलाशिवाय निघत नाहींत. दरसाल नैऋत्येचा वारा सुटला कीं हे डांबराचे गोळे मुंबईपासून वर आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पडतात. सगळेच जहाजांतून येतात असें नव्हे. त्यांचे उगम अनेक आहेत. परंतु जहाजांतून चोरून सोडलेलें तेल हा त्यांतला एक. इंजिनखोलीच्या तळाशीं तेलकट पाणी सांचतें. तें यंत्रांतून गाळून, दहा लाख भागांत तेल पंधरा भागांहून अधिक नसेल तरच, चालत्या जहाजांतून समुद्रांत सोडावें, आणि त्याची वेगळ्या वहींत नोंद करावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. गाळण्याला वेळ लागतो, यंत्राला खर्च लागतो. म्हणून कांहीं ठिकाणीं यंत्र चुकवून एक नळी परस्पर बाहेर जोडतात. दर्यावर्दी लोक तिला जादूची नळी म्हणतात. वहींत मात्र लिहितात, गाळून सोडलें. येथेंहि पुनः तेंच: कागदाला ठाऊक नाहीं, समुद्राला ठाऊक आहे, आणि मग आमच्या राजोडीच्या पोरांच्या पायांना ठाऊक होतें.

२०१३ सालीं प्रवाशांच्या एका मोठ्या जहाजावर, ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ वर, नवीनच लागलेल्या एका कनिष्ठ इंजिनियरानें अशी नळी पाहिली. जहाज इंग्लंडांत साउदम्प्टन बंदराला लागतांच त्यानें अधिकाऱ्यांना कळविलें व नोकरी सोडून तो उतरला. पुढें अमेरिकेंत खटला झाला. कंपनीनें २०१६ सालीं गुन्हा कबूल केला, आणि चार कोटी डॉलर दंड झाला. अमेरिकेचा कायदा असा आहे कीं असा गुन्हा उघडकीस आणणाऱ्याला दंडाचा कांहीं भाग, अर्ध्यापर्यंतहि, न्यायालय देऊं शकतें. ह्या इंजिनियराला दहा लाख डॉलर मिळाले.

ही गोष्ट मीं एका सभेंत सांगितली तेव्हां मागून कोणी तरी म्हणालें, “मग त्यांत मोठेपणा तो काय? पैशासाठीं केलें.” हा आक्षेप पुष्कळांच्या मनांत येईल. माझें मत असें आहे कीं बक्षिसावरून कृत्याचें मोल ठरवूं नये. साउदम्प्टनच्या धक्क्यावर उतरतांना त्याच्या हातांत होतें तें एवढेंच, कीं नोकरी गेली. बक्षीस चार वर्षांनीं आलें. तथापि एक कबूल करतों: ज्या कायद्यांत चुगलीला भाव आहे, त्यांत कोणी शिपाई आधीं गप्प राहून, गुन्हा वाढूं देऊन, मग छायाचित्रें काढून विकावयास जाईल, हेंहि घडूं शकतें. पहिल्या दिवशीं बोलणारा आणि भाव चढेपर्यंत थांबणारा ह्यांच्यांत मोठें अंतर आहे, जरी न्यायालयांत दोघांची साक्ष एकच असली तरी.

आणि येथेंच कोळीवाड्याच्या मुलाची खरी अडचण आहे. त्याला लहानपणापासून शिकविलें आहे कीं होडींतलें होडींत राहावें. सोबत्याविरुद्ध बाहेर बोलूं नये. वादळांत ज्याच्या हाताला धरून जगावयाचें त्याला पोलिसांपुढें उभें करणें हें त्याला बेइमानी वाटतें. हा संस्कार वाईट नव्हे. परंतु ज्या इमानानें मचवा तरतो त्याच इमानाच्या नांवाखालीं मोठ्या जहाजावर सर्व जण मुके होतात.

ह्यावर विचार करतांना मला प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय उपयोगी पडला. आपण तो वादळासाठीं वाचतों. मीं ह्या वेळीं खलाशांसाठीं वाचला. चौदाव्या रात्रीं जमीन जवळ आल्याचा सुमार लागतो, आणि खलाशी पुढच्या बाजूनें नांगर टाकण्याच्या मिषानें लहान होडी पाण्यांत सोडून पळावयास पाहतात. काम करीत आहों असें दाखवून काम टाकणें, म्हणजे डोळ्यांदेखतची चाकरी ती हीच. पौल तें पाहतो व शताधिपतीला सांगतो. हल्लीच्या भाषेंत म्हणावयाचें तर त्यानें चुगली केली. पण त्यानें सांगितलें काय? ह्यांना शिक्षा करा असें नव्हे. हे जहाजांत राहिले नाहींत तर तुम्ही वांचणार नाहीं, एवढेंच. त्यानें खलाशांना शत्रु ठरविलें नाहीं, गरजेचे ठरविलें. शिपायांनीं होडीचे दोर कापले, कोणाला मारलें नाहीं. आणि दुसऱ्या दिवशीं जे दोनशें शहात्तर जण किनाऱ्याला लागले त्यांत ते पळूं पाहणारे खलाशीहि होते. ज्यांच्याविरुद्ध तो बोलला तेहि त्याच्या बोलण्यानें तरले. सोबत्याशीं इमान व सत्याशीं इमान हीं दोन वेगळीं राहत नाहींत असें एक तरी बोलणें आहे, हें ह्यावरून मला दिसलें. तें नेहमीं सांपडतेंच असें मात्र मीं म्हणत नाहीं.

ह्या विचारांत आणखी एक गोष्ट ओघानें आली, ती आपल्या गांवांविषयीं. शंभर वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यांतले पुष्कळ लोक इंग्रजी आगबोटींवर खलाशी म्हणून जात. भरती सारंगाच्या व दलालाच्या हातून होई, आणि चढण्यापूर्वीच माणूस कर्जांत बुडे. १९२२ सालच्या सरकारी समितीनें ह्या दलालीवर बोट ठेवून भरतीसाठीं वेगळी कचेरी असावी असें सुचविलें होतें. आज नियम स्पष्ट आहे: नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेतां येत नाहींत, आणि परवाना असलेल्या संस्थांची यादी नौवहन महासंचालनालय प्रसिद्ध करतें. तरीहि विरारपासून वसईपर्यंत लाख दोन लाख घेऊन “जहाजावर चढवून देतों” म्हणणारे फिरतात, आणि बापमंडळी देतात. शिक्षकबंधूंनीं ती यादी एकदां आपल्या वाड्यांतल्या मुलांना दाखवावी. खोट्या प्रमाणपत्रावर चढलेला मुलगा पुढें कोणत्या तोंडानें खोट्या तक्त्याला नाहीं म्हणेल? त्याची पहिलीच नोंद खोटी.

आणि तो परत येतो तेव्हां आपण त्याला विचारतों काय? डॉलर किती मिळाले, घर केव्हां बांधतोस. जो मुलगा खरें बोलून मध्येंच उतरून आला, त्याला वाड्यावर कोणी शहाणा म्हणत नाहीं. मचव्यावरचें इमान वाड्याच्या नजरेवर टिकत होतें असें वर म्हटलें. मग समुद्रापलीकडे गेलेल्या मुलाला ती नजर कशी पोहोंचावी? मला तर वाटतें, आईचे दागिने सोडविण्यासाठीं मंडळींतल्या चार घरांनीं हात लावला असता, तर त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर झालें असतें. माझ्या वचनापेक्षां तें उत्तर त्याला अधिक समजलें असतें.

तो जाण्यापूर्वी मीं त्याच्या घरीं गेलों. अंगणांत बांबूंच्या वलांड्या रिकाम्या होत्या. बाप जाळें विणीत बसला होता. मीं मुलाला म्हटलें, “त्या दिवशीं मीं तुला अर्धेंच सांगितलें. माझी चूक झाली.” बापानें मान वर केली नाहीं, पण हात थांबले. मीं त्याला सांगितलें कीं इतरांच्या तासांचा तूं धनी नाहींस. पण तुझे स्वतःचे तास तूं झोपलास तितकेच लिहावेस, आणि हें लिहिण्यापूर्वी मुख्य अधिकाऱ्याला एकांतांत सांगावेंस, चोरून नव्हे. तो म्हणाला, “आणि कप्तानानें सही नाहीं दिली तर?” ह्याला मजजवळ उत्तर नव्हतें. बाप म्हणाला, “मग होडी आहे.”

तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. त्यानें आपला तक्ता खरा भरून मुख्य अधिकाऱ्यापुढें ठेवला होता. साहेब दोन दिवस कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं त्याला रात्रीच्या एका कामांतून मोकळें केलें व तक्त्यावर सही केली. परंतु बाकीच्यांचे तक्ते भरण्याचें काम त्याच्याकडून काढून दुसऱ्या कॅडेटला दिलें. हें त्याच्या बाजूचें झालें कीं विरुद्ध, तें त्याला कळलेलें नाहीं. त्याचा करार माघ महिन्यांत संपतो. कप्तानाचा दाखला तेव्हां मिळावयाचा आहे.